फुगवट्यावरच्या पहारेकरी कोंबड्या

२००६ सालच्या फेब्रुवारीत नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला आणि त्याच पंधरवड्यात नाशिकला आमच्या कचेरीत माझी ‘वन्य पक्षी संपर्क अधिकारी’ या पदावर नेमणूक झाली. वन्य पक्ष्यांशी माझा तोवरचा संपर्क रामकुंडावरच्या कावळ्यांपुरता होता. आमच्या घराण्यात यात्रेकरूंचं उपाध्येपण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. सरकारी नोकरीत शिरलेला पहिला मी, उपेंद्र. मोठ्या साहेबांनी नेमणुकीचं कारण मोकळेपणाने सांगितलं.

"तुम्ही शुद्ध शाकाहारी. कोंबडीबद्दल तुमच्या मनात कसलाही स्वार्थ नाही. असा माणूस अख्ख्या कचेरीत दुसरा सापडला नाही."

हे तंतोतंत खरं होतं. एरवी डब्यात अंडाकरी आणणारी मंडळी त्या दिवसांत गवारीवर आली होती. सातपूरला शिफ्ट सुटल्यावर बुर्जीच्या गाड्यांभोवती जमणारी गर्दी पावभाजीकडे वळली होती. माझी बायको अनसूया तर जन्मात न खाल्लेल्या कोंबडीला घाबरून भाजी दोनदा धुवायला लागली होती. अशा वातावरणात आमचा ‘पक्षी समन्वय कक्ष’ उघडला, त्याला एक पंखा मिळाला आणि एक जीप मिळाली. जीपबरोबर दत्तू ड्रायव्हर मिळाला.

कक्षात पहिलं व्याख्यान डॉ. विश्वेश या पक्षिशास्त्रज्ञांचं झालं. ते म्हणाले, "हा विषाणू मूळचा पाणपक्ष्यांचा. रानबदकांच्या आतड्यात तो बहुधा गुपचूप राहतो, बदकाला काही होत नाही. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक हे हिवाळ्यात उत्तरेकडून येतात, आपल्या धरणांच्या उथळ पाण्यावर उतरतात. विष्ठेतून विषाणू पाण्यात जातो, गार पाण्यात बरेच दिवस टिकतो, आणि त्याच पाण्यावर आपले इथले पक्षी चरतात. कोंबड्यांच्या दाटीवाटीच्या शेडमध्ये शिरला की मात्र तो जीवघेणा बनू शकतो, आणि मग उलटा रानपक्ष्यांनाही मारतो. तेव्हा नुसता बदकाला दोष देऊ नका. पाण्यापासून खुराड्यापर्यंत त्याला कोण पोचवतं ते शोधा. बऱ्याचदा तो माणूसच असतो. त्याचे बूट, त्याच्या गाडीचे टायर."

आम्ही सगळं उतरवून घेतलं. शेवटची तीन वाक्यं चहा आल्यामुळे राहून गेली.

डॉक्टरांनी सुचवलं की निफाड तालुक्यातल्या धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे भिंतीमागे साचलेल्या पाण्यावर, हजारो बदकं उतरली आहेत, त्यांची ताजी विष्ठा गोळा करून तपासायला पाठवावी. सूचना सोपी होती, म्हणून ती अमलात येणं अवघड गेलं. जंगलवाल्यांनी कळवलं की पक्षी आमचा. पण त्याने जे टाकलं ते त्याच्या देहापासून वेगळं झाल्यावर आमचं राहत नाही. पाणीवाल्यांनी कळवलं की पाण्यात पडलं तर आमचं. परंतु ते विरघळतं, आणि विरघळलेल्या वस्तूचा ताबा देण्याची तरतूद नाही. काठावरच्या चिखलाबद्दल जमीनवाल्यांनी उलट विचारणा केली की चिखल ही जमीन धरावी की पाणी. या अवधीत बदकं विष्ठा टाकतच होती, कोणाच्याही परवानगीवाचून.

मग मोठ्या साहेबांना तोडगा सुचला. बदकांच्या मागे लागायचंच कशाला? पाण्याच्या सर्वांत जवळच्या कोंबड्या धरायच्या. त्या धडधाकट राहिल्या तर बदकं निर्दोष. त्या कमी होऊ लागल्या तर बदकांत रोग आहे असं समजायचं आणि आसपासच्या सगळ्या कोंबड्या नष्ट करायच्या. डॉ. विश्वेश म्हणाले की अशा पहारेकरी कोंबड्या खरोखर ठेवतात, मात्र नुसतं मोजून भागत नाही, रक्त तपासावं लागतं. साहेब म्हणाले, तेही तपासू, आधी मोजू.

फुगवट्याच्या अगदी काठाला कुसाबाईची झोपडी होती. नवरा मासे धरायचा, तो वारला होता. मुलगा आणि सून पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये, हंगाम संपेपर्यंत तिकडेच. म्हातारीच्या सोबतीला होत्या त्या कोंबड्या, लहान-मोठ्या धरून बावीस. ती त्यांच्याशी दिवसभर बोलायची, भांडायची, एकीचं गाऱ्हाणं दुसरीला सांगायची. त्यांतली काबरी म्हणून एक तिची विशेष लाडकी होती. आम्ही गेलो तेव्हा काबरी तिच्या मांडीवर बसून आमच्याकडे संशयाने बघत होती. ती एकटीच काय ते ओळखून होती, असं आता वाटतं.

मी कुसाबाईला शासनाचं धोरण समजावून सांगितलं. "आजी, तुमच्या कोंबड्या आता साध्या कोंबड्या नाहीत. अख्ख्या जिल्ह्याचा पहारा त्यांच्यावर आहे. यातली एकही कमी होता कामा नये. कमी झाल्या तर सगळ्याच माराव्या लागतील. नाही झाल्या, तर त्यांच्या पिसालाही धक्का लागणार नाही, हा माझा शब्द."

"म्हंजी ह्ये तुमच्या हातात हाय?"

"माझ्याच हातात आहे."

"मंग जेवल्याबिगर जाऊ द्यायची नाय मी तुमाला," कुसाबाई म्हणाली आणि उठली.

"काही नको हो आजी, उगीच कशाला," मी म्हणालो. हे वाक्य सरकारी नोकरीत ज्या आवाजात म्हणायचं असतं त्याच आवाजात म्हणालो. डॉ. विश्वेश यांनी डबा आणला होता. ते दुर्बीण घेऊन पाण्याकडे गेले. दत्तू म्हणाला, "साहेब, गावरानला काय होत नाय. हा रोग त्या पांढऱ्या कोंबड्यांचा. आन उकळल्यावर कसला विषाणू ऱ्हातोय?"

परिपत्रकातही तेच होतं. चांगलं शिजवलेलं चिकन सुरक्षित आहे, याबाबत अधिकाऱ्यांनी जनतेतला गैरसमज दूर करावा, असं स्पष्ट लिहिलं होतं. घरी ज्यांना बायकोने बंदी केली होती ते बरोबर आलेले माझे चार सहकारी त्या दिवशी गैरसमज दूर करायला बसले. बाजरीची भाकरी, काळ्या मसाल्याचा रस्सा, वर कांदा फोडलेला. मी शाकाहारी असल्यामुळे तुकड्यांना शिवलो नाही. फक्त रस्सा घेतला. दोनदा घेतला असेल.

आठवड्याने आम्ही मोजणीला गेलो, तर कोंबड्या वीस. मला कारण ठाऊक होतं, दत्तूला ठाऊक होतं, चारी सहकाऱ्यांना ठाऊक होतं. मी तरीही रीतसर विचारलं, "आजी, दोन कमी कशा?"

कुसाबाईने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग हळूच म्हणाली, "जाऊ द्या ना साहेब. पाव्हन्याला वाढलेलं कुनी मोजतं का?"

आता हे अहवालात कसं बसवायचं? कमी होण्याच्या कारणांना तीनच रकाने होते: रोग, शिकारी प्राणी, विक्री. पाहुणचार हा रकाना शासनाला सुचला नव्हता. रकान्यांबाहेर खरं कारण लिहावं तर खाली सही माझी; रामकुंडावरच्या उपाध्यांच्या मुलाने जिल्ह्याचा पहारेकरी खाल्ला, असं वडिलांच्या कानावर गेलं असतं. आणि मी तर खाल्लाही नव्हता, रस्सा घेतला होता, पण रश्शाला तरी रकाना कुठे होता? मी लिहिलं, ‘कारण अज्ञात’. सही नेहमीसारखीच वळणदार आली, आणि मला माझ्या हाताचं कौतुक वाटलं.

‘अज्ञात’ या शब्दाने वर जेवढी खळबळ उडते तेवढी साथीनेही उडत नाही. लगेच विभागाचं पथक आलं. ते आलं म्हणजे दोन जीप आल्या. कुसाबाईने बघितलं की परवाच्यापेक्षा मोठे साहेब आहेत, म्हणजे कोंबड्या यांच्या हातात जास्त आहेत. तिने त्या मानाने जास्त कोंबड्या कापल्या. पथक तृप्त होऊन गेलं, आणि पुढच्या मोजणीत घट दुपटीने वाढलेली निघाली. मी पुन्हा ‘अज्ञात’ लिहिलं. मग पुण्याहून पथक आलं, त्यात रक्ताचे नमुने घेणारे दोघे होते. त्यांनी आधी नमुने घेतले आणि मग जेवले, एवढी शिस्त पाळली.

मी एकदा कुसाबाईला बाजूला घेऊन म्हणालोही, "आजी, यांना पिठलं करा. पिठलंही चालतं."

"पिठल्यावर कुनी शबुद पाळतं व्हय?" ती म्हणाली. "तुमी नका काळजी करू साहेब. म्या समद्यांस्नी पोटभर घालते. कुनाचं मन फिराया नाय पायजे. ऱ्हायलेल्या तरी ऱ्हातील."

राहिलेल्या तरी राहाव्यात म्हणून ती असलेल्या कापत होती. हे चुकतंय, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. तेवढ्यात दत्तूने पाट मांडल्याचं सांगितलं आणि मी हात धुवायला गेलो.

पुढच्या बैठकीत मी भिंतीवर आलेख लावला. तो सुंदर उतरला होता. डॉ. विश्वेश त्याच्यापुढे बराच वेळ उभे राहिले.

"उपेंद्रराव, तुमच्या कोंबड्या फक्त पथक येतं त्याच दिवशी कमी होतात. मधल्या काळात एकही मरत नाही. मेलेली एकही कुणी पाहिलेली नाही. मधला दुवा मला या खोलीतच दिसतोय."

जो तो खिडकीकडे पाहू लागला. अखेर मोठे साहेब म्हणाले, "अगदी बरोबर. मधला दुवा म्हणजे जीप. जीपच्या आवाजाने बदकं दचकून उडतात, उडताना विष्ठा टाकतात, ती खुराड्यावर पडते. फटाके लावून बदकं एकदाची हुसकून द्या."

डॉक्टर ओरडलेच. "त्यांच्यात रोग असलाच, तर हुसकल्यावर ती जिल्ह्याभरच्या तळ्यांवर पसरतील! आहेत तिथे राहू द्या!" फटाक्यांची मागणी रीतसर वर गेली. ती मंजूर होईपर्यंत ऊन तापलं आणि बदकं दरवर्षीप्रमाणे आपल्या आपण उत्तरेकडे निघून गेली. बदकांचा बंदोबस्त यशस्वी झाल्याबद्दल आमच्या कक्षाचं अभिनंदन झालं.

पण घट थांबली नव्हती, कारण यशाची पाहणी करायलाही एक पथक आलं होतं. आता एकच कोंबडी उरली होती. काबरी खुडूक होऊन अंड्यांवर बसली होती, म्हणूनच तिला कोणी हात लावला नव्हता. बाविसांतल्या एकवीस गेल्या म्हणजे साथ निर्विवाद. उरलेले पक्षी अंड्यांसह नष्ट करून चुन्यात पुरण्याचा हुकूम निघाला. संपर्क अधिकारी या नात्याने हजर राहायचं होतं मला.

आम्ही पांढरे पोशाख, तोंडाला मास्क आणि गुडघ्यापर्यंत बूट घालून उतरलो. कुसाबाईने आम्हाला ओळखलं नाही. तिने सवयीने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मग माझा चष्मा ओळखला.

"साहेब, तुमीच हाय ना? तुमी तर म्हनला व्हता, पिसाला धक्का लागनार नाय."

"वरून हुकूम आहे, आजी."

"पन म्या तुमाला जेवू घातलं त्ये कोंबड्या ऱ्हाव्यात म्हनूनच ना?" तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरोखर विचारत होती. आपण कुठे कमी पडलो, हे तिला समजून घ्यायचं होतं. "एवढी एक ऱ्हाऊ द्या. पिल्लं व्हतील तिची. न्हाय तर पुढल्या साली तुमी याल तवा वाढू काय मी?"

मास्कच्या आत मला रडू आलं. लाज वाटली, तीही खरी वाटली. तेव्हा मी मास्क काढून एक वाक्य बोललो असतो तर काबरी वाचली असती. पण संसर्गाच्या जागी मास्क काढू नये, असा नियम होता आणि नियम मी मोडत नाही. काबरीला टोपलीतून उचललं तेव्हा ती ओरडली नाही, खालची अंडी मात्र अजून कोमट होती.

पुण्याचा तपासणी अहवाल त्यानंतर आला. कुसाबाईच्या कोंबड्यांत कधीच कसला रोग नव्हता. तो अहवाल आम्ही साथ आटोक्यात आल्याचा पुरावा म्हणून जोडला. मला एक सन्मानचिन्ह मिळालं, त्यावर उडतं बदक कोरलेलं आहे. डॉ. विश्वेश यांना पुढच्या व्याख्यानाला बोलावलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात बदकं परत आली. आम्हीही गेलो. कुसाबाईचं खुराडं रिकामं होतं; तिने आम्हाला बसवलं आणि शेजारणीकडून एक कोंबडी उसनी मागून आणायला निघाली. मी म्हणालो, "काही नको हो आजी, उगीच कशाला."

तर असा हा विषाणू. ज्याच्या पोटात राहतो त्याला काही होत नाही. तो धडधाकट राहतो, ठरल्या ऋतूत दुरून येतो, काठावर उतरतो आणि मागे कोणाचं काय झालं ते न बघता निघून जातो. तुम्ही इथवर वाचताना अधूनमधून हसलात, माझ्यावर हसलात, ते योग्यच झालं. एवढंच विचारायचं राहिलं: मागच्या खेपेला गावी गेलात, ओसरीवर टेकून "काही नको हो, फक्त चहा" म्हणालात, आणि थोड्या वेळाने आतून मसाल्याचा वास आला, तेव्हा उठून खुराड्यात किती उरल्यात ते बघितलं होतं का? नसेल बघितलं, तर जाऊ द्या. रस्सा कसा झाला होता, तेवढं सांगा.