बावीस अंशांचा निवाडा

ऊन व सावली या दोहींस नमस्कार करून लिहिते. शके सोळाशे नव्वद, मार्गशीर्ष मास. राज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. गडावर रोज सकाळी हवा गार की उबदार यावर भांडण होई, कारण गारठा ठरला तरच कोठीतून कोळसा सुटे. तेव्हा एका फिरंग्याने महाराजांस पाऱ्याची काचनळी नजर केली आणि महाराज संतोष पावले आणि आज्ञा केली की, वीस अंशांखाली गारठा, वर उबारा, आता तंटा नाही. मग विसोपंत म्हणून स्थूल गृहस्थ होते, त्यांस हवानवीस नेमिले. ते नळी पाहून दवंडी देववीत.

त्या मासी मजला आठव्या महिन्यातच कन्या जाहली. तेरा दिवसांची पोर, मुठीएवढी, दोन दिवस रडली नव्हती. वारा भणाणत होता आणि दवंडी आली, "बावीस! उबारा!" आणि कोठीस कुलूप पडले. मग राही सुईणीने पोर पदराखाली घेतली आणि थेट दरबारी गेली, आणि मी भिंत धरीत मागे गेले.

राही म्हणाली, "पंत, शेगडी द्या."

"अगे, बावीस आहे! मजकडे पाहा, घाम फुटला."

"तुमच्या अंगावर तूप किती चढलंय, पंत! तुम्हांला पुसून पोरीचं काय कळणार?"

दरबार हसला. महाराज नुकतेच घोडदौड करून आले होते, ते म्हणाले, "राही, नळी खोटे बोलते काय?"

"नाही, महाराज. नळी हवेचं खरं सांगते. पोरीचं तिला काय ठाऊक? हिचे तळपाय पाहा."

महाराजांनी हात पुढे केला, तो राहीने अडविला. "हात नको, लगामानं तापलाय. न्हाणीचं पाणी पाहतो तसं कोपर लावा."

मग भर दरबारासमक्ष महाराजांनी बाही सारली आणि कोपर पोरीच्या तळव्यांस लाविले, आणि चेहरा उतरला. अंगावरची शाल काढून पोरीभोवती गुंडाळिली आणि बोलिले, "अंश नळीने सांगावे. गारठा ज्यास वाजतो त्याने सांगावा. कोठी उघडा."

विसोपंत स्वतः शेगडी घेऊन धावले आणि अंगरख्याचा सोगा जाळून घेतला, तरी फुंकणी सोडीनात. तिसऱ्या प्रहरी पोर रडली, आणि अशी रडली की पहारेकरी दाराशी येऊन ऐकत राहिले. पंत डोळे पुसून म्हणाले, "धूर फार झाला."

पुढे पंत रोज घरोघरी पुसत हिंडत, "आजी, आज कसे वाटते?" आणि चाळीस घरची चाळीस उत्तरे लिहून आणीत आणि महाराज सारी ऐकत.

तात्पर्य, पोर जगली. राहीचे, महाराजांचे आणि पंतांचेही उपकार आहेत. तिघेही आता नाहीत, म्हणून मी लिहून ठेविले. लेखनसीमा.