मळीच्या बाजूनं

"आप्पासोला भर सभेत उताणा पाडतो का न्हाई बघ!" नवा खादीचा सदरा चढवत जयराजनं बायकोला, राजेश्वरीला बजावलं.

जयराज फौजेतून हवालदार होऊन परतला आणि वर्षाच्या आत, सत्त्याण्णव साली, जिल्हा परिषदेला उभा राहिला. कारण एकच! साखर कारखान्याच्या मळीचं पाणी ओढ्यात उतरायचं, तिथून विहिरीत झिरपायचं. आंघोळ केलेला माणूस बिनआंघोळीच्यापेक्षा जास्त वासायचा! समोर उभा होता कारखान्याचा संचालक आप्पासो. दोघांनी चावडीपुढं प्रदूषणावर जाहीर वाद घालावा, असं गावानं ठरवलं.

जयराज आजवर फक्त हुकुमाला 'जी साब' म्हणत आलेला. भाषण कुठलं? पण फौजेची शिकवण होती, आधी दुश्मनाचा डाव ओळखावा. म्हणून तो रोज मळ्यात जाऊन उसाला आप्पासोचीच बाजू ठणकावून सांगू लागला.

"मळी म्हंजे खत हाय खत! वास येतो म्हणून कुणी शेणखत टाकून देतं का?"

वाऱ्यानं ऊस सळसळला की त्याला टाळ्या पडल्यासारखं वाटायचं.

बांधापलीकडं शेजारची साळूबाई खुरपं घेऊन भांगलत होती. साळूबाईच्या कानावर पडलं म्हणजे सांगली आकाशवाणीवर लागलं! दिवस मावळायच्या आत गावभर झालं, जयराज फुटला!

त्याचा जोडीदार गुंडा तणतणतच दारात आला. "पलटी मारली व्हय रं?"

"आरं, तालीम हुती ती!"

"मग आपल्या बाजूची कर की गड्या! त्याची त्यो करंल!"



तिकडं आप्पासोची झोप उडाली. जयराज मळीच्या बाजूनं बोलणार, मग आपण काय बोलायचं? शिवाय मतं तर विहिरीच्या बाजूला! आप्पासो मुरलेला गडी. त्यानं बाजूच बदलली. मळीचं पाणी साठवायला टाकी बांधायची घोषणा आपणच करावी, जयराज तिला विरोध करील, वादात टाकी आपोआप बुडेल!

सभेत तो आधी उठला. "मायबापहो, ह्या ओढ्यात मी मासं धरल्यात! पावसाळ्याआधी मळीला पक्की टाकी बांधली न्हाई, तर मिशा उतरवीन!"

टाळ्यांचा कडकडाट! जयराज गार. आपले सगळे मुद्दे त्यानं पळवले! कसाबसा उभा राहिला. आपलं काही आठवेना, ओठावर आली ती मळ्यातली तालीम.

"मळी म्हंजे..."

बायकांच्यात बसलेल्या राजेश्वरीनं डोळे वटारले. त्या डोळ्यांपुढं ब्रिगेडियरसुद्धा टिकला नसता!

"...मळी म्हंजे... अनुमोदन!"

आणि मटकन खाली बसला.

आता मात्र आप्पासो गार! विरोधाला कुणी उरलंच नाही आणि अख्खं गाव साक्षीला. निवडून तो आरामात आला, पण लोक रोज दारात बसून मिशांकडं बघायचे. शेवटी वळवाच्या आधी टाकी झाली. ओढा निवळला, विहीर उपसली.

त्या दिवशी जेवताना जयराजनं तांब्या तोंडाला लावला. पाणी नितळ होतं, पण पराभव कडूच लागत होता.

"गाव फिरलं," तो म्हणाला, "पण निदान घरचं मत तरी मला पडलं."

राजेश्वरी भाकरी थापता थापता थांबली.

"आवं, टाकी बांधतो म्हणाला आप्पासो. तुमी त्याला अनुमोदन दिलं," ती म्हणाली, "मग मीबी दिलं!"