डांबऱ्याच्या गोळ्या कोणी खाल्ल्या?

"आधार द्याचा म्हणजे नेमकं काय द्याचं, साहेब?" खुशालनं विचारलं, आणि विचारतानाच त्याचं डोकं तापलं होतं.

गोंडपिपरीकडच्या बोरटोल्यातल्या ढोरांच्या दवाखान्यात खुशाल मेश्राम अठरा वर्षं परिचर होता. गावोगावचे लोक त्याला कंपोंडर म्हणत आणि तो ते दुरुस्त करत नसे. अडलेली म्हैस सोडवायची असो की मारका बैल आडवा पाडायचा असो, त्याचा हात धरणारा तालुक्यात नव्हता. कुत्र्याचं मात्र त्याच्यापुढं नाव काढायचं नाही. तरुणपणी राजुऱ्याला एका कुत्र्यानं त्याची पोटरी धरली होती, त्यापायी त्यानं पोटात चौदा इंजेक्शनं घेतली होती, आणि त्या चौदांतल्या प्रत्येकाचा राग त्यानं वेगवेगळा जपून ठेवला होता.

आणि आता समोर बैलगाडीत गोणपाटावर एक काळं कुत्रं पडलं होतं. डांबऱ्या. हेटीटोल्याच्या केसरबाईचा. हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या, डोळे पिवळे, मान उचलायचीही ताकद नाही. डॉक्टर रामटेके नागपूरहून नव्यानंच आलेले, पंचाऐंशी साली त्या भागात सूक्ष्मदर्शकावरची धूळ पुसणारे ते पहिलेच. त्यांनी रक्त काढून काचेवर पाहिलं, गोचिडांच्या तापाचे जंतू सापडतात का ते दोनदा शोधलं, आणि मग केसरबाईला समजावलं.

"बाई, याच्या अंगात रोगाशी लढणारी जी फौज असते, ती उलटली आहे. बाहेरचा शत्रू सोडून याचंच रक्त खाते आहे."

"म्हणजे राखाले ठेवलेला चौकीदारच लाकडं तोडून राह्यला," केसरबाई म्हणाली.

"अगदी तसंच. या गोळ्या त्या चौकीदाराला गप्प करतात. रोज आठ, चार सकाळी, चार संध्याकाळी, खाण्यासोबत. बरं वाटलं की हळूहळू कमी करायच्या. पाच महिने लागतील. एकदम बंद केल्या तर कुत्रं दगावेल. आणि मध्येच आजार उलटला, तर पुन्हा आठपासून सुरुवात."

बाई गाडीकडे गेल्यावर डॉक्टर खुशालला म्हणाले, "खुशालभाऊ, या आजारात कुत्र्याआधी मालक थकतो. दर मंगळवारी आणि शनिवारी तुम्ही हेटीटोल्याला जायचं. गोळ्या पोचवायच्या, हिरड्या बघायच्या आणि बाईंना आधार द्यायचा."

हेटीटोला नऊ किलोमीटर होता, तेही सायकलनं, आणि वाटेत दोन नाले होते.

केसरबाईला आधाराची गरज आहे असं तिच्याकडे बघून कोणी म्हटलं नसतं. साठीची, काटक बाई, आणि आवाज असा की तीन शेतांपलीकडची रानडुकरं धानातून निघून जात. नवरा वारलेला. मुलगा भद्रावतीच्या फॅक्टरीत, दिवाळीला दोन दिवस येणारा. तीन वर्षांपूर्वी पहाटे मोहफुलं वेचताना अस्वल अंगावर आलं, तेव्हा हा डांबऱ्या मध्ये उभा राहिला होता. तेव्हापासून ती त्याच्याआधी जेवत नसे. घरात बोलायलाही दुसरं कोणी नव्हतं. हे सगळं खुशालला दिसत होतं, पण दिसलं म्हणून राग कमी होत नाही.

पहिल्या पंधरा दिवसांत गोळ्यांनी आपला गुण दाखवला. डांबऱ्या उठून उभा राहिला आणि खायला लागला. मग खातच राहिला. डॉक्टरांनी भूक वाढेल असं सांगितलं होतं, पण किती ते सांगितलं नव्हतं. त्यानं केसरबाईची चुलीवरची भाताची गंजी रिकामी केली, शेजारच्या आशाबाईची वाळत घातलेली सुकट संपवली, पाहुण्यांसाठी थापलेले वडे पिठासकट नेले. वर बादलीभर पाणी पिऊन गावातल्या प्रत्येक खांबापाशी तो हजेरी लावू लागला. गावानं त्याचा जाब ज्याला विचारायचा ठरवला तो माणूस खुशाल.

"कंपोंडर, माही सुकट भरून दे," आशाबाई सायकल अडवून म्हणाली.

"मी खाल्ली का तुही सुकट?"

"गोळी तूच देली नं?"

खुशाल दात खात पुढं गेला. केसरबाईच्या अंगणात पोचला तर तिथं वेगळंच गाऱ्हाणं. "काऊन गा, कसली गोळी होय हे? कुत्रा हाय का राक्षस? रात्रभर दार उघडून राह्यली मी त्याच्या मुतण्यापायी."

"होते तसं. गोळीचा गुण होय तो. खाऊ द्या, पिऊ द्या, बाहेर नेत राहा," खुशाल खेकसला. त्याच्या मते हा आधार होता.

पण हिरड्या गुलाबी व्हायला लागल्या होत्या. डांबऱ्या त्याला जवळ येऊ देईना म्हणून, किंवा तोच जवळ जाईना म्हणून, केसरबाई ओठ उचलून दाखवी आणि खुशाल चार हातांवरून मान वाकवून बघे. डॉक्टर खूश झाले. त्यांनी आठाच्या सहा केल्या, आणि खरा घोळ तिथून सुरू झाला.

केसरबाईनं पुडी सोडली, गोळ्या मोजल्या आणि खुशालकडे पाहिलं. "कमी हायेत."

"कमीच करा लागते. बरा होऊन राह्यला नं तो."

"बैल चांगला वाहाले लागला तं त्याची सरकीची ढेप कमी करते का कोणी?"

"बाई, डाक्टरनं सांगतलं."

"डाक्टरनं आठ सांगतल्या होत्या. मी होती तिथी."

पुढच्या महिन्यात सहाच्या चार झाल्या. आता केसरबाईला काही विचारायचं उरलं नव्हतं. सरकारी दवाखान्यातून निघालेलं औषध नऊ किलोमीटरच्या वाटेत आटतं, हे तिनं आयुष्यभर पाहिलं होतं. शिवाय खुशालचा इतिहास स्वच्छ नव्हता. दोन वर्षांपूर्वी बैलांच्या खांद्याला चोळायचं तेल तो स्वतःच्या गुडघ्याला लावायचा, आणि हेटीटोल्याच्या अर्ध्या गावानं त्या वासावरून त्याला ओळखलं होतं. पण या वेळी, उभ्या नोकरीत पहिल्यांदाच, तो इतका प्रामाणिक होता की त्याचा त्यालाच राग येत होता. गोळ्या दवाखान्याच्या साठ्यात नव्हत्याच. चंद्रपूरहून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला तंबाखू चारून तो त्या मागवत होता.

एका शनिवारी केसरबाई सायकलला आडवी आली आणि चक्क हसली. "कंपोंडर, आज जेवूनच जा."

खुशाल थबकला. बायको गेल्यापासून सहा वर्षं तो बसस्टँडच्या हॉटेलात जेवत होता, आणि कोणी घरी जेवायला बोलावलं नव्हतं. त्या दिवशी तर तो सकाळपासून उपाशी होता. अंगणात गोणपाटाचा बोरा अंथरला होता. पोलीस पाटील भैयाजी, आशाबाई आणि आणखी दोघंतिघं आधीच येऊन बसले होते. पान मात्र एकट्या खुशालचंच मांडलं होतं. मानाच्या पाहुण्याला गाव असंच जेवू घालतं, असं समजून तो मांडी घालून बसला.

गरम भात, वांग्याची भाजी, उडदाचं वरण, अंबाडीची चटणी. केसरबाई चाटूनं भात वाढत होती आणि प्रत्येक चाटूसरशी भैयाजी एक काडी मोडून पुढ्यात ठेवत होता. खुशालला ते जरा विचित्र वाटलं, पण भात चांगला होता. आशाबाई न मागता तांब्यातांब्यानं ताक वाढत होती. आठव्या चाटूनंतर त्यानं ढेकर दिला आणि उठून मागच्या कुंपणापाशी जाऊन आला. थोड्या वेळानं पुन्हा जाऊन आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा सगळे त्याच्याकडेच बघत होते.

"आठ चाटू," भैयाजी काड्या दाखवत म्हणाला. "तीन तांबे ताक. अन् तीन डाव बाहेर. तोंड बी पाहा कसं फुगलं हाय. आता अजून काही पुरावा पाह्यजे का?"

"कशाचा पुरावा?" खुशालनं विचारलं.

"गोळ्या खाल्ल्याचा. डांबऱ्याले जसं झालं, तसंच तुले झालं. पैले बैलाचं तेल, आता कुत्र्याच्या गोळ्या. ढोराइचं औषध सोडून तुले दुसरं काही चालतच नाई का गा?"

खुशाल पानावरून उठला. सगळे शब्द त्याला एकदम सुचले. "उपाशी माणसाले जेवाले बसवता अन् घास मोजता? तीन तांबे ताक पाजता अन् वरून कुठी गेला ते पाहाता? तोंड माह्या बापापासून असंच हाय. अडीच महिने नाले तुडवून राह्यलो मी या कुत्र्यापायी. तुमचा कुत्रा तुमाले लखलाभ. मी पुन्हा आलो तं नाव बदलून ठेवा माहं."

"चोर असाच भडकते," भैयाजी शांतपणे म्हणाला, आणि खुशालनं सायकल इतक्या जोरात उचलली की चेन पडली. सगळ्या गावासमोर ती बसवायला त्याला पाच मिनिटं लागली. त्यात राग आणखी वाढला.

पहिला नाला ओलांडल्यावर घाम पुसायला त्यानं खिशात हात घातला, आणि रुमालाबरोबर पुडी हाताला लागली. जेवणाच्या गडबडीत गोळ्या द्यायच्या राहिल्याच होत्या.

खुशाल सायकलवरून उतरला. मरू दे, त्याच्या मनात आलं. कुत्रंच आहे. एक कमी झालं तर राजुऱ्याचा हिशेब थोडा तरी चुकता होईल. तो पुन्हा सायकलवर बसला, वीस पावलं गेला आणि थांबला. आज संध्याकाळची गोळी नाही, उद्या नाही, परवा नाही. मंगळवारपर्यंत त्या हिरड्या पुन्हा चुन्यासारख्या होणार. मग ती बाई त्या ओसरीवर बसून कोणाला ओरडणार? त्यानं डांबऱ्याला शिवी दिली, केसरबाईला दिली, भैयाजीला दोन दिल्या, ज्यानं या गोळ्या शोधून काढल्या त्याला एक दिली, आणि सायकल वळवली.

दिवस कलला होता. माणसं पांगली होती. केसरबाई ओसरीवर डांबऱ्याला मांडीशी घेऊन बसली होती आणि तिचा चेहरा रागानं की रडण्यानं लाल होता, ते तिलाही सांगता आलं नसतं. संध्याकाळच्या गोळ्यांसाठी तिनं रिकामी पुडी तीनदा झटकली होती.

खुशाल सायकल लावून ओसरीवर चढला. त्यानं गोळ्या गुळात दाबल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा हात कुत्र्याच्या तोंडात घातला. डांबऱ्यानं गूळ गिळला आणि बोटं चाटून स्वच्छ केली. हिरड्या जवळून पाहिल्या, चांगल्या गुलाबी होत्या. मग त्यानं उरलेली पुडी बाईसमोर आपटली. "मोजा."

केसरबाईनं मोजल्या. "पुऱ्या हायेत."

"हायेतच."

"म्हणजे तुले पश्चात्ताप झाला."

खुशालनं सायकलचं हँडल धरलं. नऊ किलोमीटर जायचं होतं, आणि भांडायला लागणारा दम तो नाल्यापाशीच खर्चून आला होता.

"पाह्य," केसरबाई जरा नरमाईनं म्हणाली, "खाल्ल्या तं खाल्ल्या. पण आता एकदम सोडू नोको, दगावशीन. डाक्टरनं माह्या देखत सांगतलं. तुही भूक बी हळूहळूच उतरवा लागते. मंगळवारी ये. सहा चाटू देतो."

"मले काही झालं नाई, बाई."

"ज्याले होते त्याले नाई समजत. डांबऱ्याले तरी कुठी समजलं होतं?"

मंगळवारी खुशाल रागारागानं आला, रागारागानं सहा चाटू भात जेवला, आणि रागारागानं निघून गेला. पुढच्या महिन्यात सहाचे चार झाले. डांबऱ्याच्या गोळ्या दोनवर आल्या तेव्हा खुशालचाही भात दोनवर आला. केसरबाई पथ्याची पक्की होती, एक शीत जास्त पडू देत नव्हती. खुशाल तिथून निघून पुन्हा हॉटेलात जेवे, आणि ते जेवण आता त्याच्या घशाखाली उतरत नसे. केसरबाईनं जेवणासोबत बोलणंही लावून दिलं होतं. मुलाचं पत्र आलं नाही, डुकरांनी बांध फोडला, आशाबाईनं सुकटीचं अजून मनात धरलंय. खुशाल प्रत्येक गोष्टीवर चिडून उत्तर देई. ती त्याहून चिडून बोले. डांबऱ्या दोघांच्या मध्ये पडून असे.

मग एका शनिवारी डॉक्टरांनी आदल्या दिवशी काढलेलं डांबऱ्याचं रक्त काचेवर पाहिलं आणि म्हणाले, "खुशालभाऊ, सुटलात. ही शेवटची अर्धी गोळी. उद्यापासून बंद. आता तिकडे जायची गरज नाही."

खुशालनं अर्धी गोळी नेऊन दिली. डांबऱ्यानं ती खाल्ली आणि अंगणातल्या कोंबडीमागं धावला. केसरबाईनं पान मांडलं आणि त्यावर अर्धा चाटू भात वाढला.

"झालं गा," ती म्हणाली. "त्याचं बी झालं, तुहं बी झालं. उद्यापासून बंद." हे बोलताना तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. चाटू गंजीत उगाच फिरवत राहिली.

खुशालनं त्या अर्ध्या चाटूकडे पाहिलं. डोकं तापलं. तापता तापता त्याला डॉक्टरांचं पहिल्या दिवशीचं बोलणं आठवलं, उलटला तर पुन्हा आठपासून. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. भैयाजी जवळपास नव्हता.

"बाई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "मले उलटलं."

"म्हणजे?"

"काल पुन्हा खाल्ल्या मी. चार. दवाखान्यातल्या."

केसरबाई ताडकन उभी राहिली. "चोट्ट्या. इतकं करून तू पुन्हा खाल्ल्या?"

"खाल्ल्या."

"शरम नाई वाटत?"

"नाई."

तिनं पानावरच्या अर्ध्या चाटूकडे पाहिलं. मग गंजी ओढून घेतली आणि रागारागानं वाढायला लागली. एक, दोन, तीन, चार. खुशाल मान खाली घालून, मुकाट्यानं, चोरासारखा बसला होता. आठव्या चाटूनंतर तिनं थांबून मोजल्यासारखं केलं आणि नववा वाढला.

"मंगळवारी ये," ती म्हणाली. "पुन्हा पैलेपासून करा लागन सगळं."