शेपटाची थकबाकी

रेवदंड्याजवळच्या एका सरकारी दवाखान्याचे भांडारपाल विश्वंभर यांनी उभ्या नोकरीत मोडका माल कधी ताब्यात घेतला नव्हता. त्यामुळे १९६३च्या पावसाळ्यात सापाच्या विषावरच्या लशीची पेटी आली आणि सोबतच्या कागदावर ‘प्रतिपिंडांचे तुकडे’ असे शब्द दिसले, तेव्हा त्यांनी पेटी कुलपात घातली आणि चावी जानव्याला अडकवली.

डॉक्टर कुमुदबाईंनी समजावलं, "अहो, तुकडे म्हणजे मोडके नव्हेत. घोड्याच्या रक्तातलं प्रतिपिंड विषाला धरतं ते दोन हातांनी. ते हात ठेवलेत, शेपूट तेवढं कापलंय. त्या शेपटापायीच रोग्याच्या अंगावर गांधी उठतात, ताप भरतो."

"असेल," विश्वंभर म्हणाले. "पण आपली मागणी सबंध प्रतिपिंडाची होती. म्हणजे शेपूट येणं आहे."

त्यांनी तसं वर कळवलं. वरच्या कचेरीलाही शेपटाची काळजी लागली. हुकूम आला, की उर्वरित शेपटे प्राप्त होऊन जुळणी होईपर्यंत हातांचे वाटप स्थगित ठेवावे.

गावाला हे कळलं मात्र, गाव पेटलं. देवळापुढे सभा भरली. "मुंबैवाल्यांना सबंध आन् आमाला तुकडं? आमी मानसं न्हाय?" कोंडाजी शेतकरी गरजला. विश्वंभरांना भरून आलं. जनतेला नियम कळतो हे त्यांनी प्रथमच पाहिलं होतं.

त्याच आठवड्यात बांधावर गवत कापताना कोंडाजीच्या उजव्या हाताला फुरसं डसलं. दवाखान्यात आणेपर्यंत हिरड्यांतून रक्त येऊ लागलं.

"तुकडं तर तुकडं, पन द्या वो!" त्याची बायको मनुबाई रडत म्हणाली.

"शेपूट वाटेत असेल," विश्वंभरांनी धीर दिला.

कुमुदबाईंनी खलातला बत्ता उचलला आणि कुलूप फोडलं. कोंडाजी वाचला. अंगावर साधी गांधही उठली नाही.

विश्वंभरांना कुलपाचं फार वाईट वाटलं. त्यांनी अहवाल पाठवला, की अर्ध्या औषधाने पूर्ण बरे होण्याची तरतूद नसल्याने रोगी तूर्त अर्धा बरा समजावा. कुमुदबाईंची बदली पालीच्या पलीकडे झाली. सबंध औषधाचा आग्रह धरल्याबद्दल गावाने विश्वंभरांना शालश्रीफळ दिलं. सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या त्या कोंडाजीने, त्याच उजव्या हाताने.

"जीव वाचला ह्ये खरं," तो म्हणाला, "पन शेपूट आमच्या हक्काचं व्हतं!"

हसा खुशाल. पण उद्या सबंध औषधाची आणि तुकड्यांची अशा दोन बाटल्या तुमच्यापुढे ठेवल्या, तर तुमचा हात कुठल्या बाटलीकडे जाईल?