लिफ्टमधून पत्रलेखन

"इंग्रजीत ऑफिशियल पत्र कसं लिहावं, हे अख्ख्या कर्वेनगरात एकट्या मला कळतं!" तात्याराव महिनाभर सांगत होते. सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं पत्रव्यवहार सांभाळलेला माणूस! आज पाच वाजता ज्येष्ठ नागरिक संघात याच विषयावर त्यांचं आयुष्यातलं पहिलं भाषण. इस्त्रीचा कोट, खिशाला चार पेनं, आणि साडेचारला लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध ठप्प!

"हिरा! अगं, अडकलो!"

त्यांच्या पत्नी हिराबाई जिन्यातून धावत आल्या. "थांबा, कंपनीला फोन करते."

"फोनला पुरावा काय? पत्र घे लिहून! डिअर सर, पुढे स्वल्पविराम. विषय : लिफ्ट बंद असणे व खाली सही करणार आत असणे. विषयाखाली रेघ मार. पट्टीनं!"

हिराबाई पट्टी आणायला वर गेल्या, त्या जरा वेळानंच आल्या.

"आता जावक क्रमांक टाक. त्याशिवाय पत्र हलत नाही. रजिस्टर कपाटात आहे."

"आणि कपाटाची किल्ली?"

लिफ्टमधून खिसे चाचपल्याचा आवाज आला.

"माझ्या कोटात."

पाच वाजले. भाषण बुडालं! तात्यांचा आवाज रडवेला झाला. तेवढ्यात वक्ते कुठे गेले म्हणून शोधत संघाचे बावीस सभासद आले आणि गुडघे सांभाळत जिन्यावर बसले.

"तात्या, मोठ्यानं सांगा! मागे ऐकू येत नाही," संघाच्या अध्यक्षा शर्मिलाताई ओरडल्या. "शेवटी फेथफुली की सिन्सियरली?"

"वर नाव घातलं असेल तर सिन्सियरली! नुसतं सर असेल तर फेथफुली!" लिफ्ट दणाणली.

मग तात्यांना जो चेव चढला! पाऊण तास समास, संदर्भ, सोबतची कागदपत्रं, कुणाकुणाला प्रत. बावीस वह्या भरल्या. टाळ्या झाल्या.

आणि दार उघडलं. समोर पाना घेऊन कंपनीचा मेकॅनिक रणजित.

"पत्र तर अजून गेलंच नाही! तुम्ही आलात कसे?"

"काकूंचा मेसेज आला ना. मी सव्वापाचपासून इथंच आहे. काकू म्हणाल्या, महिनाभर तयारी केलीय त्यांनी, होऊ दे पूर्ण."

तात्यांना भरून आलं. त्यांनी हिराबाईंचा मोबाइल घेतला, चष्मा पुसला आणि मेसेज वाचला : 'तात्या अडकलेत. या.'

दोनदा वाचला. सगळा जिना त्यांच्याकडे बघत होता.

"खाली सही नाही," तात्या म्हणाले, आणि मुकाट्यानं जिना चढू लागले.