एका चिऱ्याची मुदत

धोंडू गवंड्याला नारळ द्यायचा नाही, एवढंच मी त्या दिवशी ठरवलं होतं. त्याचे चाळीस रुपये बुडवायचे असं मुळीच ठरवलं नव्हतं. (ते नंतर ठरलं. माणसाची प्रगती हळूहळूच होते.)

आमच्याकडचे गवंडी भिंतीतला शेवटचा चिरा असातसा बसवत नाहीत. मालकाने नारळ हातात द्यायचा, राहिलेले पैसे द्यायचे, मग चिरा बसणार आणि मग म्हणे घर मालकाचं होणार. मी रत्नागिरीच्या कोर्टात आप्पासाहेब वकिलांचा कारकून. घर कोणाचं हे खरेदीखतावरून ठरतं, नारळावरून नाही, हे मला नको का माहीत असायला? शिवाय त्याच सकाळी धोंडूने चार माणसांत मला सुनावलं होतं, "भाऊ, तुमी दोरी धरू नुका. तुमी धरलीत की भीत वाकडी जाते." इंग्रजी पाच यत्ता शिकलेल्या माणसाला दोरी धरता येत नाही म्हणजे काय? (येत नव्हती. मागची भिंत अजून साक्ष देते.)

म्हणून मी म्हटलं, "नारळबिरळ मिळायचा नाही. पैसे उद्या."

धोंडूने वाद घातला नाही. थापी धुतली, हातातला चिरा अंगणात फणसाखाली ठेवला आणि तो गेला. त्याने बांधलेल्या नव्या स्वयंपाकघरात, चुलीच्या बरोबर वर, एका चिऱ्याचं भोक तेवढं राहिलं.

त्याच आठवड्यात चिपळूणच्या एका ठेकेदाराचा दावा कोर्टाने काढून टाकला. कोणाचं तरी गोदाम बांधलं होतं बिचाऱ्याने, आणि पैसे मागायला उशिरा आला होता. केलेल्या कामाचे पैसे तीन वर्षांच्या आत मागितले नाहीत तर कायदा तुमच्याकडे पाठ फिरवतो. मी हे शंभरदा ऐकलं होतं, पण त्या दिवशी ते डोक्यात शिरलं. तीन वर्षं नुसतं गप्प बसायचं आणि चाळीस रुपये आपले. हे आधी सुचलं असतं तर गोठाही बांधून घेतला असता.

यात खड्डे दोनच. ऋणकोने देणं लेखी कबूल केलं, किंवा त्यातलं थोडंसं फेडलं, तर मुदत नव्याने सुरू होते. मूर्ख लोक या खड्ड्यांत पडतात. मी घरी जाऊन लगेच बंदोबस्त केला.

"धोंडू आला तर त्याला चहा द्यायचा नाही," मी बायकोला, सावित्रीला, बजावलं.

"का? त्याने काय केलं?"

"चहा म्हणजे अंशतः फेड. मुदत नव्याने सुरू होईल."

"चहाने?"

"कायदा आहे तो."

"बरं, मग ताक देईन."

"ताकही नाही."

"आणि पाणी?"

मी विचारात पडलो. पाण्याबद्दल एकही निवाडा आठवेना. "त्याने विहिरीवर जाऊन स्वतः काढून प्यायलं तर हरकत नाही," मी सांगितलं.

सावित्री माझ्याकडे बघत राहिली. बायकांना कायदा कळत नाही, त्या नुसत्या बघतात. मग तिने आपला निकाल दिला. "चिरा बसेपर्यंत त्या खोलीत मी चूल पेटवायची नाही. घर अजून गवंड्याचं आहे. दुसऱ्याच्या घरात रांधायला मी काही आचारीण नव्हे."

अशा अडाणी समजुतींपुढे शिकलेल्या माणसाने काय बोलावं? ती मागच्या पडवीत तीन दगड मांडून रांधू लागली. पावसाळ्यात ओली लाकडं, वर गळकं छप्पर, सगळ्या घरात धूर. तिचा खोकला मला रात्रभर ऐकू यायचा आणि तिच्या हट्टीपणाचं मला नवल वाटायचं. नव्या स्वयंपाकघराचा उपयोग मांजरीने केला. तिथे तिची दोन बाळंतपणं झाली. एका श्रावणात भोकातून धामण आली आणि कोऱ्या चुलीत वेटोळं घालून बसली. मी भोकात गोणपाट कोंबलं. ते मांजरीने अंथरूण म्हणून नेलं.

दुसरा गवंडी आणावा म्हणून मी दोघांना बोलावून पाहिलं. दोघांनीही भोकाकडे बघून एकच विचारलं, "काम कुनाचा?" धोंडूचं म्हटल्यावर, "मग धोंडूच बसवंल," म्हणून चालते झाले. एकाचा शेवटचा चिरा दुसरा बसवत नाही म्हणे. एवढी एकी आमच्या वकिलांत असती तर कोर्टाला कुलूप लागलं असतं.

धोंडू दर बाजाराला यायचा. तो लांबून दिसला की मी शिडीवरून माळ्यावर, सुक्या नारळांच्या ढिगाआड. समोरासमोर गाठ पडून तोंडातून काही कबुली निघायला नको. (तोंडी कबुली कायद्याने चालत नाही हे मला ठाऊक होतं. पण खबरदारी घेतलेली बरी.) खाली बोलणी चालायची ती अशी:

"भाऊ हायत?"

"माळ्यावर आहेत." (खोटं बोलायचं नाही असा सावित्रीचा नेम आहे. तो नेमका तेव्हाच आठवतो.)

"काय करतायत?"

"मुदत मोजतायत."

"बरा. मी फुडच्या बाजाराला येतंव."

तो विहिरीवर जाऊन पाणी प्यायचा आणि निघायचा. त्याने मुलीच्या लग्नाचं बोलावणं केलं तेव्हाही मी गेलो नाही. आहेर म्हणजे तर सरळ रोख फेड. असल्या बारीकसारीक गोष्टींत भलेभले फसतात, पण मी सावध होतो. माझ्याएवढं सावध आख्ख्या जिल्ह्यात कोणी नसेल.

अशी तीन वर्षं पुरी झाली आणि मी पेढे घेऊन आप्पासाहेबांकडे गेलो.

"पेढे कसले रे?" त्यांनी एक तोंडात घालत विचारलं.

"गवंड्याची मुदत टळली, आप्पासाहेब. चाळीस रुपये सुटले."

"काम पुरं कधी झालं होतं?"

"तीन वर्षांपूर्वी. म्हणजे एक चिरा तेवढा राहिलाय."

आप्पासाहेबांचं चावणं थांबलं. "राहिलाय म्हणजे?"

"म्हणजे बसवायचा आहे."

"मग पुरं कुठे झालं? अरे, मुदत काम पुरं झाल्यापासून धरतात. तुझी अजून सुरूच झालेली नाही."

"मग सुरू कधी होणार?"

"तो चिरा बसवील तेव्हा."

"आणि नाहीच बसवला तर?"

"तर तुझी नातवंडं भोकाखाली भिजतील आणि त्याची नातवंडं पैसे मागायला येतील." त्यांनी दुसरा पेढा उचलला. "दहा वर्षं माझ्या कचेरीत बसलास तू. कोणाला सांगू नकोस."

मी घरी आलो. भोक बुजवायचं तर मुदत आजपासून, म्हणजे आणखी तीन वर्षं माळ्यावर. नाही बुजवायचं तर जन्मभर माळ्यावर. मागच्या पडवीत सावित्री ओल्या लाकडांवर फुंकणीने फुंकत होती. डोळे लाल झाले होते, खोकता खोकता ती भिंतीला टेकली होती. तीन वर्षांत मी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. मला लाज वाटली. (फार नाही. पण वाटली.)

"संपली का मुदत?" तिने विचारलं.

"नाही. सुरूच झाली नव्हती."

तिने फुंकणी ठेवली, माळ्यावर चढली आणि ढिगातला एक नारळ सोलायला घेतला.

पुढच्या बाजाराला धोंडू आला तेव्हा मी पडवीतच उभा होतो. तो सवयीने माळ्याकडे बघून "भाऊ" म्हणाला, मग मी खाली दिसल्यावर दचकला. मी नारळ दिला, चाळीस रुपये दिले. फणसाखालच्या चिऱ्यावर शेवाळ चढलं होतं. ते त्याने खरवडलं, चुना कालवला आणि चिरा भोकात सरकवला. तो असा काही चपखल बसला की माझा संताप झाला. तीन वर्षांचं काम दहा मिनिटांत उरकलं होतं.

सावित्रीने तिथल्या तिथे चूल पेटवली आणि पहिला चहा धोंडूला दिला. मी पावतीवर त्याचा अंगठा घेतला, कारण व्यवहार म्हणजे व्यवहार. अंगठ्याची शाई डोक्याला पुसून त्याने मोजलेल्या पैशांतली पाचाची नोट काढली आणि माझ्यापुढे धरली.

"ह्ये ऱ्हाऊ द्या, भाऊ. तुमाला लागतील."

"मला? का?"

"तुमचा चालत नाय, ता ठावं हाय आमाला. पैशे तर मी पयल्याच पावसात सोडलं व्हतं. चाळीस रुपयांपायी मानूस माळ्यावर जाऊन बसतो, म्हंजी त्याच्या घरात काय ऱ्हायला आसंल?"

"मग दर बाजाराला येत होतास तो कशाला?"

"चिरा बसवायला. अर्धा काम टाकून गवंड्याला झोप येत नाय." त्याने आवाज खाली आणला. "तुमी काळजी करू नुका. समद्या गवंड्यांना मी सांगून ठेवलाय. कारकूनभाऊंची दशा वायट हाय, कुनी हसू नुका म्हनून."

सावित्री चुलीपुढे पाठ करून बसली होती. तिचे खांदे हलत होते आणि या वेळी तो खोकला नव्हता.

मी ती नोट त्याच्या अंगावर फेकणार होतो. माझा पगार किती, माझी ऐपत काय, कायदा म्हणजे काय चीज असते, हे सगळं त्या अडाण्याला चांगलं खडसावून सांगणारही होतो. पण तोपर्यंत माझा हात नोटेसकट खिशात जाऊन पोचला होता.