नेटवर्कच्या आराखड्यातलं ताईंचं स्थान

कोणतंही कार्यालय माणसांच्या भरवशावर चालू नये, यंत्रणेच्या भरवशावर चालावं, हे आधुनिक व्यवस्थापनाचं मूलतत्त्व आहे. माणूस आजारी पडतो, म्हातारा होतो, रजा मागतो. यंत्रणा फक्त बंद पडते.

वजनकाटे विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीच्या शाखेला हे तत्त्व उशिरा का होईना, पटलं. शाखा म्हणजे दोन खोल्या, सात टेबलं आणि साहेब धरून सात माणसं. त्यांतल्या सगळ्यात जुन्या कारकून बाईंना साहेबांसकट सगळे ताई म्हणत. ताईंनी दोन महिने आधी आठ दिवसांच्या रजेचा अर्ज केला होता, कारण चौदा तारखेला त्यांची मुलगी बाळंत व्हायची होती. मुलगी दूरच्या गावी. पहिल्या खेपेला ताईंना रजा मिळाली नव्हती. तेव्हा मुलगी फोनवर "असू दे गं आई, तुझं ऑफिस आहे ना" एवढंच म्हणाली, आणि ते वाक्य तीन वर्षं ताईंना टोचत होतं. या वेळी जायचंच, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

साहेब चांगले गृहस्थ होते. "ताई, तारीख जरा पुढे नाही का ढकलता येणार?" त्यांनी आपुलकीने विचारलं. ते डॉक्टरांच्याही अखत्यारीत नाही असं कळल्यावर त्यांनी मुख्य कार्यालयाला लिहिलं, आणि मुख्य कार्यालयाने रजेऐवजी कॉम्प्युटर नेटवर्क मंजूर केलं. नेटवर्क सुरळीत चालू झालं की रजा, असा लेखी आदेश आला. (आदेश कोणत्या फाईलला लावायचा, ते ताईंनी सांगितलं.)

आराखडा काढायला इंजिनियर आला. वायर टाकण्याआधी कोण कोणाकडून माहिती घेतं ते मोजावं, असा शास्त्रशुद्ध नियम आहे. त्याप्रमाणे तो तीन दिवस कोपऱ्यात स्टुलावर बसून कागदावर रेघा मारत होता. तीन दिवसांत एकूण ४१२ प्रश्न विचारले गेले. पैकी ३७१ ताईंना, २३ छताकडे बघून, आणि उरलेले १८ ताई जेवायला गेल्या असताना त्यांच्या रिकाम्या खुर्चीला.

सगळ्या रेघा एकाच खुर्चीत येऊन मिळालेल्या पाहून इंजिनियर भारावला. "बाई, तुमच्याकडे नेटवर्क आहेच की! फक्त त्याला बॅकअप नाही." अहवालात त्याने 'मध्यवर्ती उपकरण : एक. अखंड सेवा एकवीस वर्षे. गुडघा दुखतो' अशी नोंद केली. एकवीस वर्षांत ताईंबद्दल कोणी कागदावर लिहिलेले हे पहिले चांगले शब्द होते.

मग कामाने वेग घेतला. सात माणसांसाठी चौदा सॉकेट बसले (सात विद्यमान, सात भविष्यकालीन). साहेबांच्या टेबलापर्यंतची वायर बाकीच्यांसारखीच होती, पण मानमरातब म्हणून तिच्यावर जाड पट्टी चढवली. सगळ्या वायरी जिथे जुळतात तो डबा कुठे ठेवायचा यावर दोन बैठका झाल्या, आणि तो ताईंच्या टेबलाखाली ठेवायचं एकमताने ठरलं. पाय कुठे ठेवायचे, हा विषय वेळेअभावी राहून गेला.

आता डब्यात भरायला माहिती हवी. ती ताईंच्या डोक्यात होती, म्हणून ती टाईप करणंही ताईंकडेच आलं. रोजचं काम सांभाळून त्यांनी दीड महिना सगळं भरलं. डाव्या कपाटाची किल्ली फिरवताना दार जरा वर उचलावं लागतं. धान्यबाजारातल्या थोरल्या शेटजींना बारापूर्वी फोन केला तर ते खेकसतात. साहेबांच्या लग्नाचा वाढदिवस आणि तो विसरल्यास पुढे काय होतं, हेही भरलं. भरताना त्या मनातल्या मनात गावी जायची पिशवी भरत होत्या.

दहा तारखेला नेटवर्क सुरू झालं आणि लगेच चाचणी झाली. आधी माणसं विचारत, "ताई, कपाटाची किल्ली कुठे आहे?" आता विचारू लागली, "ताई, किल्ली कुठे आहे ते कॉम्प्युटरवर कुठे आहे?" आणि ते सापडेपर्यंत धीर न धरवल्याने, "बरं, ती किल्ली कुठे आहे?" ताईंना दिवसाला येणारे प्रश्न १२४ वरून २४८ वर गेले. नेटवर्कचा वापर दुप्पट झाल्याबद्दल मुख्य कार्यालयाने शाखेचं अभिनंदन केलं, आणि एवढ्या वाढत्या भारात मध्यवर्ती उपकरण हलवणं योग्य नाही, असं कळवलं.

ताईंना रडू आलं. ते त्यांनी बाथरूममध्ये आटोपलं, तोंड धुतलं आणि जागेवर येऊन बसल्या. तेरा तारखेला नेहमीप्रमाणे साहेबांपुढे सह्यांचे कागद ठेवले. साहेब एकवीस वर्षं ताईंचं बोट जिथे असेल तिथे सही करत आले होते.

"इथे. इथे. आणि इथे, साहेब."

तिसरी सही रजेच्या अर्जावर झाली. ताईंनी अर्ज फाईलला लावला आणि संध्याकाळची गाडी धरली. त्या आठ दिवसांबद्दल दप्तरी एवढीच नोंद आहे : 'नेटवर्क बंद. कारण अज्ञात. ताईंना विचारावे.'

चौदाला सकाळी ताई हॉस्पिटलात पोचल्या. दहा मिनिटं झाली नसतील, तोच नर्स बाहेर आली. "पेशंटची फाईल कुठे आहे?" दोन दिवस तिथेच मुक्कामाला असलेले जावई, विहीणबाई आणि मुलीची नणंद, असे तिघंही ताईंकडे वळून बघू लागले.

"निळ्या पिशवीत असेल, बाजूच्या कप्प्यात बघा," ताई म्हणाल्या. फाईल तिथेच होती.

आतून मुलीने विचारलं, "आई आली का?" या प्रश्नाचं उत्तर मात्र ताईंनी स्वतः आत जाऊन दिलं.

हे वाचून ज्यांना हसू आलं, त्यांनी आपल्या घरातली मेणबत्ती, मुलांचे जन्मदाखले आणि कुलपाची जादा किल्ली कुठे आहे, हे जागेवरून न उठता सांगून दाखवावं. (स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारल्यास उत्तर चूक धरलं जाईल. आणि जिला हाक मारली, तिने शेवटची रजा कधी घेतली होती, हेही तिलाच विचारावं लागेल.)